खिळा गेला, फॉन्ट आला

नंदुरबार, शहादा, तळोदा या गावांत ज्यांनी लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि निवडणुकीची पत्रके छापून घेतली, त्या आमच्या पिढीला अक्षर ही जड वस्तू म्हणून माहीत होती. ते वजनावर विकत मिळायचे, पार्सलने यायचे आणि पायावर पडले तर लागायचे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेला खिळा म्हणजे अक्षर. देवनागरीचा एका आकाराचा टाइप पुरता घ्यायचा तर शेकडो प्रकारचे खिळे लागत. अखंड पद्धतीचे वेगळे, मात्रा-वेलांट्या तुकड्यांनी जोडायच्या डिग्री पद्धतीचे वेगळे. तालुक्याच्या प्रेसला एवढा पसारा परवडायचा नाही. म्हणून एक बारीक, एक मध्यम आणि मथळ्याला एक ठळक, एवढ्या भांडवलावर सगळा कारभार चाले. मिरचीच्या व्यापाऱ्याचे बिल, साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, सारंगखेड्याच्या यात्रेचे पत्रक आणि कुणाच्या उत्तरकार्याची चिठ्ठी, सगळे त्याच तीन वळणांत.

आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या मुक्ता फॉन्टकडे पाहावे. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी आखलेले हे अक्षर अगदी सडपातळापासून अतिठळकापर्यंत सात जाडींत मिळते. देवनागरीच्या सोबतीला रोमन आहे, आणि त्याच कुळात गुजरातीसाठी मुक्ता वाणी, गुरुमुखीसाठी मुक्ता माही, तमिळसाठी मुक्ता मलर. पैसे पडत नाहीत. कुणीही उतरवून घ्यावे, वापरावे, उघडून आतली रचना पाहावी, बदलावी. आमच्या नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. सीमारेषा फलाटावरच्या बाकड्याच्या मधून जाते. अशा गावात एकाच कागदावर मराठी आणि गुजराती शेजारी-शेजारी बसवणे ही रोजची गरज. खिळ्यांच्या काळात गुजराती टाइप एका फाउंड्रीचा, मराठी दुसऱ्याचा. एक ओळ काळीभोर, दुसरी फिकट. आता एकाच घरातली अक्षरे दोन्ही लिप्यांत समान जाडीने उभी राहतात. हे पूर्वीपेक्षा चांगले आहे आणि त्यात वादाला जागा नाही.

तरीही प्रेसची आठवण येते ती तिथल्या माणसांमुळे. जुळाऱ्यासमोर खणांची केस तिरकी मांडलेली असे. डोळे हस्तलिखितावर आणि हात खणांत. कुठला खिळा कुठल्या खणात हे बोटांना पाठ. अक्षरे उलटी वाचायची, तीही सुलट वाचणाऱ्या माणसाच्या वेगाने. मजकूर स्टिकमधून गॅलीवर आला की त्यावर शाईचा रोलर फिरे, कागद दाबला जाई आणि पहिले प्रूफ निघे. मग दोघे बसत. एक मूळ प्रत धरून मोठ्याने वाची, दुसरा प्रुफावर पेन्सिल फिरवी. स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने उच्चारला जाई. लग्नपत्रिका असेल तर घरातले एक वडीलधारे माणूस खास प्रूफ पाहायला येई. शुद्धलेखनापेक्षा त्यांचे लक्ष मानावर: कुणाचे नाव कुणाच्या वर, ‘कै.’ कुणापुढे राहून गेले, आत्याच्या यजमानांचे गाव बरोबर आहे ना. एक नाव चुकले तर दोन पिढ्यांचे बोलणे बंद होई, म्हणून चहा मागवून, चष्मा पुसून, ओळ न ओळ वाचली जाई. छापून झाल्यावर पहिली पत्रिका देवापुढे, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून. दसऱ्याला खणांच्या केसची आणि ट्रेडल छपाईयंत्राची पूजा. त्या दिवशी एकही खिळा जागचा हलायचा नाही. मग पुन्हा जुनी जुळणी सोडायची, खिळे रॉकेलने धुवायचे आणि एकेक करून आपापल्या खणात परत टाकायचे. नवशिक्या पोराचे शिक्षण इथून सुरू होई.

या आठवणींवर फार विसंबू नये हेही आम्हाला कळते. शिशाची धूळ त्या माणसांच्या अंगात गेली. मंद दिव्याखाली डोळे गेले, पाठी वाकल्या आणि मजुरी तुटपुंजी राहिली. खिळे झिजत, मग ‘व’ आणि ‘ब’ ओळखू येईनात. लांबलचक मजकुरात ‘ळ’ संपला की तिथे दुसराच खिळा उलटा खोचून ठेवायचा आणि आधीचे पान छापून मोकळे होईपर्यंत थांबायचे. पावतीवर ज्या गरीब शेतकऱ्याचे नाव अर्धे उमटले, त्याला त्या काळाचे कौतुक कुणी सांगू नये.

मधला काळ संगणकाचा, आणि तो तर दोन्हीकडून तोट्याचा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि सगळ्या कचेऱ्यांचे, शाळांचे, सोसायट्यांचे लेटरहेड नव्याने करायची वेळ आली, तेव्हा गावोगाव डीटीपीची दुकाने उघडलेली होती. अक्षरे आता सुबक होती, पण कुलपात होती. सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या पाठीमागे डोंगल खोचावा लागे. तो हरवला की दुकान बंद. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे संकेत निराळे. शहाद्यात टाइप केलेला मजकूर नंदुरबारच्या दुकानात उघडला की त्याजागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कालवा दिसे. ज्यांना विकत घेणे शक्य नव्हते त्यांनी फ्लॉपीवरून नकला उतरवल्या, आणि नक्कल केलेल्या फॉन्टमध्ये काही चुकले तर विचारायचे कुणाला? त्या वर्षांत टाइप केलेले किती अहवाल, किती स्मरणिका, किती स्थानिक इतिहास आज कुणाच्याही यंत्रावर वाचता येत नाहीत. शिशाने छापलेला कागद निदान उरला.

युनिकोडने हा कालवा मिटवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा आहे. विंडोज २००० बरोबर आर. के. जोशी यांनी घडवलेला मंगल घरोघर पोचला. पुढे गार्गी, लोहित, राज्य मराठी विकास संस्थेची यशोमुद्रा असे मुक्त टंक येत गेले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि वळणे ठरवून दिली. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपले. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार क्रमांक आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ज्या गावात अनेकांचे नाव मतदारयादीपलीकडे कुठे छापले गेले नव्हते, तिथल्या माणसांच्या हातात आपले नाव मराठीत छापलेले कार्ड आले. ते अक्षर जुळवायला कुणी बसले नव्हते, ते फॉन्टने काढले होते. म्हणूनच फॉन्ट लोकांच्या हाती सोडण्याआधी काय तयारी होते, याकडे आम्ही आदराने पाहतो.

ती तयारी चिकाटीची आहे. आधी आखणी करणारा एक बारीक आणि एक जाड अशी टोकाची रूपे काढतो आणि मधल्या जाडी त्यांतून मोजून घेतो. पण यंत्राने दिलेली मधली अक्षरे जशीच्या तशी चालत नाहीत, ‘क्ष’ची गाठ आणि ‘ह’चे पोट डोळ्यानेच हलके करावे लागते. मग जोडाक्षरे. वाङ्मय, उद्घाटन, षट्कोन, हृदय, शृंगार, आणि ज्यात पाच व्यंजने एकात एक अडकतात तो कार्त्स्न्य. मग रेफ, मात्रा आणि अनुस्वार एकाच डोक्यावर आले तर मोबाइलच्या पडद्यावर वरचा शेंडा कापला जातो का, हे पाहायचे. उकार खालच्या ओळीत घुसतो का, तेही. आमच्या जिल्ह्याची नावे घेतली तरी बरीचशी परीक्षा होते: अक्कलकुवा, अक्राणी, म्हसावद, प्रकाशा.

यातली सर्वात नाजूक जागा ‘ऱ’ची. सातपुड्याच्या दऱ्या लिहायच्या तर पापणीसारखा र हवा, कुऱ्हाडीलाही तोच हवा. फॉन्टमध्ये त्याची सोय नसेल तर शब्द मोडून दिसतो. टाइप करणारा कंटाळून रेफ देतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. धडगावच्या मुलाने भूगोलाच्या वहीत डोंगराऐवजी समुद्र लिहिणे ही छोटी चूक नाही. तसेच पाकळीचा ल आणि देठाचा श: बऱ्याच फॉन्टांत ही मराठी रूपे आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ती पुढे येत नाहीत आणि हिंदी वळणे दिसत राहतात. हे तपासून, दुरुस्त करून मगच फॉन्टचे कुटुंब बाहेर पडते.

शेवटी कागदपत्रे. पूर्वी फाउंड्रीच्या पार्सलमध्ये बिल असायचे; आता फॉन्टच्या पुडक्यात लायसन्स असते. बहुतेक मुक्त फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली निघतात, त्याची १.१ ही आवृत्ती २००७ ची. वापरा, वाटा, बदला, पुस्तकात किंवा सॉफ्टवेअरमध्ये घालून विका, पण नुसता फॉन्ट विकू नका. बदललेला फॉन्ट याच अटींवर पुढे द्या. आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्याला दुसरे नाव द्या. सोबत एक नोंदवही जाते: कुणी काय केले, कुठल्या आवृत्तीत काय सुधारले. खिळे जुळवणाऱ्या माणसाचे नाव आमच्या कुठल्याच पत्रिकेवर छापले गेले नाही. खाली फक्त प्रेसचे नाव असे. फॉन्टच्या नोंदवहीत मदतनिसाचेही नाव राहते. या एका गोष्टीसाठी आम्ही आपले सगळे स्मरणरंजन बाजूला ठेवायला तयार आहोत.

मग हरवले काय? एकत्र बसून वाचणे हरवले. आज फॉन्टची चाचणी बरीचशी यंत्र करते: राहिलेले अक्षर, चुकलेली उंची, नावातली विसंगती ते क्षणात दाखवते. पण परीक्षेला घेतलेले शब्द कुणाचे, हे यंत्र ठरवत नाही. प्रेसमध्ये ग्राहक समोर बसलेला असायचा. एखादा भिली किंवा पावरी गाणी लिहून आणायचा, जुळाऱ्याजवळ बसायचा, आणि नेहमीच्या खिळ्यांत बसत नसलेला उच्चार तोंडाने म्हणून दाखवायचा. जुळारी खिळा कानशीने घासून, शेजारच्या खणातले काहीतरी लावून तजवीज करायचा. दिसायला ते ओबडधोबड दिसे, पण त्या कागदावर त्या माणसाचा शब्द असायचा.

वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’मधली भिली कविता देवनागरीतच छापली गेली. पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी याही देवनागरीत लिहिल्या जातात, पण त्यांचे सगळे उच्चार प्रमाण मराठीच्या वर्णमालेत बसतीलच असे नाही. लिहिणाऱ्याने अनपेक्षित जागी चंद्र किंवा नुक्ता दिला आणि ती जुळणी चालली नाही, तर पडद्यावर ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ उमटते. मुंबई-पुण्याला बसून फॉन्ट करणाऱ्यांचा यात दोष नाही. तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. आमच्या काळी ग्राहकाला प्रेसपर्यंत बसने यावे लागे. आता चुकलेला शब्द घरबसल्या पाठवता येतो आणि तरी कुणी पाठवत नाही, हे आम्हाला अधिक खुपते.

म्हणून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावच्या शिक्षकांना, कवींना, गाणी गोळा करणाऱ्या तरुण मुलामुलींना विनंती आहे. मुक्त फॉन्ट उतरवून घ्या. आपल्या पाड्यांची, नाल्यांची, देवांची, झाडांची नावे त्यात टाइप करा आणि शेजारी बसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे अक्षर मोडेल त्याचे चित्र काढा, खाली बरोबर रूप हाताने लिहा आणि फॉन्ट करणाऱ्यांना पाठवा. लायसन्सने दुरुस्तीचा हक्क सगळ्यांना दिलेला आहे, आणि पुढची आवृत्ती यायला आता पार्सलची वाट पाहावी लागत नाही.