चिवड्याचा डबा

'भुकेला कोंडा नि निजेला धोंडा' असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने कोणी केली त्याला पोटाची भूक चांगली ठाऊक असली पाहिजे. मनाची भूक त्याला बहुधा परवडत नसावी. कारण मनाच्या भुकेला कोंडा चालत नाही. तिला चिवडाच लागतो, तोही कुरकुरीत, आणि वर एखादा बेसनाचा लाडू!

पोटाची भूक हळूहळू चढते. पोट रिकामे झाले की घ्रेलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळून मेंदूला वर्दी देते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. मनाची भूक मात्र वर्दी न देताच येते. साहेब रागावले, पत्रिका जुळली नाही, की हात फडताळाकडे वळलाच. हा केवळ जिभेचा चोचला नव्हे. काळजी दीर्घकाळ टिकली की शरीरात कॉर्टिसोल वाढते, आणि गोड-तेलकटाची ओढ वाढू शकते. दुःखात खाऊन वाढलेल्या वजनाला जर्मन लोकांनी 'कुमरश्पेक', म्हणजे दुःखाची चरबी, असा खास शब्दच करून ठेवला आहे.

आमच्या वहिनींचेच पाहा ना. दादा गेले, मुलगा टोरोंटोला. जेवणात सारे पथ्य. पण संध्याकाळी सहा वाजले की चिवड्याचा डबा मांडीवर. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला, मुलगा फोनवरून रागावला. तो रागावला की डबा अधिकच जवळ येई. शेवटी एकदा त्याच म्हणाल्या, "भाऊजी, त्या वेळी हे कचेरीतून यायचे हो."

यावर मी काय बोलणार? डॉक्टरांच्या कागदावर हे कारण कुठेच लिहिलेले नव्हते.

वहिनींनी शपथ वगैरे काही घेतली नाही. चिवडा घरात आजही होतो. पण वाटीत घ्यायचा, डबा फडताळात ठेवायचा आणि मग बसून खायचा. दुपारचे जेवण त्या आता टाळीत नाहीत, कारण दिवसभर उपाशी राहिलेले पोट संध्याकाळी मनाला सामील होते. आणि सहा वाजता शेजारच्या दोन मुली त्यांच्याकडे पेटी शिकायला येतात. सूर अजून लागत नाहीत, पण तो तास निघून जातो. एखाद्या दिवशी डबा मांडीवर येतोही. त्या दिवशी त्या स्वतःला बोल लावीत नाहीत. सकाळ झाली की पुन्हा वाटी काढतात.

वाचकहो, दिवाळीचा फराळ आनंदाने, चार माणसांत बसून खा. एवढेच करा, की अंगणात पोर पडून रडू लागले तर लगेच त्याच्या हातावर लाडू ठेवू नका. आधी गुडघ्यावर फुंकर घाला. रडे थांबल्यावर मागितला, तर लाडू आहेच.