आकड्यांचे विमान

नाशिकजवळील ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला आणि पुढे तेथे मिग-२१ ही लढाऊ विमाने तयार होऊ लागली. त्यांची गर्जना ऐकून शेतात राबणारा शेतकरीही क्षणभर मान वर करी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाने या विमानाला निरोप दिला. तथापि ते सर्वस्वी नाहीसे झाले नाही. त्याची काया संग्रहालयांत राहिली आणि त्याचे उडणे संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये राहिले.

संगणकातील विमानाला ना धातू लागतो, ना तेल. ते घडते केवळ माहितीतून. प्रत्येक विमानाचा एक स्वतंत्र फोल्डर असतो. त्याच्या एका कप्प्यात विमानाचे रूप व रंग, दुसऱ्यात इंजिनाचा आवाज, तिसऱ्यात वैमानिकापुढील उपकरणे असतात. आणि एका साध्या फाइलीत वजन, पंखांचे माप, इंधनाच्या टाक्या यांचे आकडे असतात. रंग चुकला तर विमान कुरूप दिसेल; आकडा चुकला तर ते कदाचित उडणारच नाही.

मिग-२१च्या पंखांचे क्षेत्रफळ आहे २३ चौरस मीटर. प्रचलित सिम्युलेटरांच्या फाइली मात्र बहुधा फूट आणि पौंड मागतात. हा आकडा तसाच चौरस फुटांच्या रकान्यात उतरवला, तर पंखांचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. मग जमीन सोडण्यास सुमारे सव्वातीनपट वेग हवा! बिचारे विमान धावपट्टी संपेपर्यंत धावते आणि पलीकडे घुसते. संगणक तक्रार करीत नाही, कारण त्याच्या लेखी २३ हा आकडा निर्दोषच असतो.

हा केवळ खेळातला प्रमाद नव्हे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका प्रवासी विमानात किलोग्रॅमचा हिशेब पौंडाच्या प्रमाणाने झाला व गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वाटेतच दोन्ही इंजिने थंडावली. वैमानिकांनी ते विमान तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून सर्वांचे प्राण वाचले.

नाशिकजवळची आनंदवल्ली ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या आनंदीबाईंविषयीची 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षराने 'धरावे'चे 'मारावे' होते, एवढे तिने पिढ्यान् पिढ्या शिकवले आहे. आकड्यांचेही तसेच आहे.

म्हणून जाणता अभ्यासक मूळ फाइलीला हात लावण्यापूर्वी तिची प्रत जपून ठेवतो. प्रत्येक आकड्यापुढे तो त्याचे एकक आणि आधार लिहितो. ओझरला मिग-२१चे एफएल, एम आणि बिस असे तीन प्रकार तयार झाले. त्यांपैकी एकाचे वजन दुसऱ्याच्या फोल्डरात तो जाऊ देत नाही. एका वेळी तो एकच आकडा बदलतो, विमान उडवून पाहतो, मग पुढे जातो.

सिम्युलेटरमध्ये कोसळलेले विमान एक कळ दाबताच पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. खऱ्या आकाशात ही सवलत नाही. आज संगणकापुढे बसणारी काही मुले उद्या ओझरच्या कारखान्यात खरी मापे लिहितील. त्यांच्या हाताला हे वळण आजच लागलेले बरे.