घरी कळवलंत का?

नव्याने तुरुंगात आलेला माणूस समाजकार्यकर्त्याला पहिल्या भेटीत काय विचारत असेल? माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न टाकला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "मी कधी सुटणार?" तो प्रश्न येतो, पण नंतर. आधी येतं, "घरी कळवलंत का?" बायकोला ठाऊक आहे का, आई कुणाकडे आहे, मुलगी शाळेत जाते का. खेड्यातला माणूस असेल तर गोठ्यातल्या म्हशीला वैरण कोण घालतंय, हेही त्यात असतं. अटक झाली त्या क्षणी त्याचं घर जसं होतं तसंच त्याच्या डोक्यात थांबलेलं असतं. पुढे काय झालं हे कुणीतरी जाऊन पाहायचं आणि त्याला खरं ते सांगायचं, इथून आमचं काम सुरू होतं.

एमएसडब्ल्यू झाल्यावर माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी दवाखान्यांत, शाळांत, कंपन्यांच्या सामाजिक विभागांत गेल्या. मी तुरुंगाचं काम निवडलं. या वाटेवर आमच्या आधी चाललेले लोक होते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० मध्ये 'प्रयास' हा प्रकल्प सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्ता पोलीस ठाण्यात, न्यायालयात, तुरुंगात बसून काय करू शकतो, हे दाखवून दिलं. मी ज्या लहान संस्थेत काम करते, तीही त्याच धाटणीने चालते. कारागृह विभागाच्या परवानगीने आम्ही आत जातो. मोबाईल गेटवर ठेवायचा, वहीत नाव-वेळ लिहायची, झडती द्यायची. आत जाताना हातात फक्त वही आणि पेन.

देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे जवळपास तीन जणांचा खटला अजून निकाली निघालेला नसतो. सरकारी भाषेत ते न्यायाधीन बंदी, आतल्या भाषेत कच्चे कैदी. ज्याच्यापाशी पैसा आणि गोतावळा आहे, तो लवकर जामिनावर बाहेर पडतो. ज्याच्यापाशी दोन्ही नाही, तो लहानशा गुन्ह्याच्या आरोपावरही आत राहतो. बराकीतून फिरताना हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात एक तरुण आत आला. बीडकडचा. शेतातली पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप. त्याला पाठ होता तो एकच नंबर, मुकादमाचा, आणि तो बंद लागत होता. बायको त्याच्यासोबतच टोळीत होती. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा आत गेला की ती उरते अर्धा कोयता. काम अर्धं, मजुरी अर्धी, आणि दोघांनी मिळून आगाऊ घेतलेली उचल मात्र पूर्ण फेडायची. त्यामुळे ती गावी परतली की फडावरच अडकली, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. दोन्ही मुलं गावी आजीकडे होती. "शाळेचं नाव सांगता येईल?" मी विचारलं. जिल्हा परिषदेची शाळा, एवढंच त्याला सांगता आलं. ते पुरलं. गावाच्या नावावरून शाळेचा नंबर मिळाला, गुरुजी फोनवर आले. मुलं पटावर होती, आजी रोज आणून सोडत होती, आणि सून मोठ्या दिरासोबत दुसऱ्या कारखान्याच्या फडावर गेल्याचं आजीने गुरुजींना सांगितलं होतं. गुरुजींनीच दिराचा नंबर मिळवून दिला.

पुढच्या भेटीत मी त्याला हे जसंच्या तसं सांगितलं. तो खाली बसला. थोड्या वेळाने विचारलं, "उचलीतले किती फिटले?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, विचारून सांगते म्हटलं आणि पुढच्या वेळी आकडा नेला. आत एक नियम मी कसोशीने पाळते: जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, आणि आणते म्हटलेलं आणायचंच. तुरुंगात वकील, दलाल, नातेवाईक, सगळेच "होऊन जाईल" म्हणत असतात. तिथे दिलेला शब्द पाळणारं एक माणूस भेटलं की पुढचं सगळं बोलणं बदलतं.

त्याला जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा आणि जामीनदारासह. या शेवटच्या शब्दावर सगळं अडलं. जामीनदार म्हणजे सातबारा किंवा घरपट्टीची पावती घेऊन न्यायालयात उभा राहणारा माणूस. फडावरच्या परक्या मजुरासाठी कोण उभं राहणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधी स्पष्ट निर्देश दिले आहेत. जामीन मिळूनही बंदी सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आणि जामीनदार स्थानिकच हवा या आग्रहामुळे सुटका अडते, म्हणून तशी अट घालू नये. पण निर्देश कागदावर असतात आणि माणूस बराकीत. दोन्हींची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते. आम्ही त्या तरुणाची माहिती मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयातल्या वकीलबाईंना दिली: मुलं कुठे शिकतात, घर कुणाच्या नावावर आहे, भाऊ कुठे काम करतो, गुरुजींचं पत्र. त्यांनी रोख जामिनाचा अर्ज केला, रक्कम कमी करून मागितली. न्यायालयाने मान्य केलं. भावाने पैसे पाठवले.

सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. कागद तपासून, अंगठे घेऊन तो बाहेर आला तेव्हा दिवेलागण झाली होती. हातात पिशवी, त्यात एक शर्ट आणि बॅटरी फुगलेला मोबाईल. मी म्हटलं, "स्टँडवर चला, गाडी बघू." तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, गावाकडं कुठून जायचं असतंय?" टोळी रात्री ट्रकमध्ये बसते आणि उजाडता उजाडता फडावर उतरते. वाटेत कोणती गावं लागतात हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं तो या जिल्ह्यात ऊस तोडायला येत होता, आणि इथून आपल्या घरी एसटीने कसं जायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

सोलापूरला उतरायचं, तिथून बीडची गाडी, हे मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कंडक्टरला सांगून ठेवलं, भावाला फोन लावून दिला. सुटकेची संध्याकाळ ही या साऱ्या कामातली सर्वांत नाजूक वेळ, असं माझं ठाम मत आहे. खिशात पैसे नाहीत, मोबाईल चालत नाही, शेवटची गाडी गेलेली आहे आणि स्टँडवर जुन्या ओळखीचा कुणी भेटतो. अनेकांची पुढची दिशा तिथे ठरते. आत असताना दिलेली दहा व्याख्यानं त्या वेळी उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतं तिकीट, जेवण आणि वाट पाहणारं एखादं माणूस.

नंतर सुरू होतात तारखा. एक तारीख चुकली की वॉरंट, वॉरंट निघालं की पुन्हा आत, आणि मग दुसऱ्यांदा जामीन मिळणं कठीण. आदल्या दिवशी आमच्या कार्यालयातून फोन जातो. हा तरुण रात्रीच्या गाडीने यायचा आणि न्यायालयाचं फाटक उघडायच्या आधीच बाहेर उभा असायचा. पट्टेवाल्याने त्याचं नाव पुकारलं आणि तो "हजर" म्हणत पुढे गेला की मला जो आनंद व्हायचा, तो मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. या नोकरीतलं समाधान याच मापाचं असतं, आणि मला ते भरपूर वाटतं.

महिला विभागातलं काम वेगळं. बाई आत गेली की तिला भेटायला येणारे लवकर कमी होतात. पुरुषाला आई-बायको वर्षानुवर्षं भेटत राहतात. आईसोबत मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तुरुंगात राहू शकतं, त्यानंतर त्याला बाहेर पाठवावं लागतं. आजोळी की बालगृहात, हे ठरवण्याआधी आम्ही घर पाहून येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, बालकल्याण समितीसमोर आईचं म्हणणं मांडतो.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. एरवीची मुलाखत जाळीपलीकडून किंवा काचेआडून. त्या दिवशी मात्र मुलांना आत घेतात, बापाजवळ बसू देतात. अशा एका गळाभेटीच्या आधी जन्मठेपेचा एक बंदी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगी आता कितवीला आहे, तेवढं कळेल का? मी चौथी म्हणायचो आणि ती सहावीत असायची." आम्ही घरी विचारलं. ती सातवीत होती आणि विज्ञान तिला आवडत होतं. भेटीत त्याने तिला विज्ञानाच्या पुस्तकात कोणता धडा चालू आहे, असं विचारलं. मुलीने सगळा धडा सांगितला. माझं तिथलं काम एवढंच होतं, एक इयत्ता कळवण्याचं.

तुरुंगाबाहेर राहूनही या क्षेत्रात काम करता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. १९५८ च्या परिविक्षा कायद्यानुसार गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला शिक्षा न भोगवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येतं. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात धाडण्यापूर्वी बऱ्याच गुन्ह्यांत न्यायालयाला या अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. आपल्याकडे हे अधिकारी महिला व बालविकास विभागात असतात. मला भेटलेले एक ज्येष्ठ परिविक्षा अधिकारी अहवाल लिहिण्याआधी मुलाच्या घरी संध्याकाळी जायचे, कारण दिवसा बाप घरी नसतो. अहवालात ते घराची स्थिती लिहायचेच. शिवाय मुलगा कुणाचं ऐकतो, तेही लिहायचे. मामाचं ऐकत असेल तर मामालाच कार्यालयात बोलवायचे. या कायद्याचा वापर फार कमी होतो, याची मला मनापासून खंत आहे.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर मी मुद्दाम पाहून आले. औंध संस्थानाने १९३९ मध्ये बंद्यांसाठी ही खुली वसाहत सुरू केली. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांचं पाठबळ आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा तीच. शिक्षा भोगणारा माणूस तिथे कुटुंबासह राहतो, शेतात राबतो. सिनेमा सर्वांनी पाहिला, पण अशी दुसरी वसाहत उभी करण्याचा उत्साह तेवढा दिसला नाही.

लोक मला विचारतात, "ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय?" हा प्रश्न मी कधीही उडवून लावत नाही. एका खुनाच्या प्रकरणात गृहचौकशीसाठी गेले असताना मृताची आई त्याच गल्लीत राहते, हे कळलं. मी तिच्याकडेही गेले. तिने चहा दिला नाही, बसा म्हटलं नाही, पण बोलली. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या: तो माणूस रजेवर येणार असेल तर तिला आधी कळावं, आणि नातवाच्या नावावर असलेला भरपाईचा अर्ज पुढे सरकावा. दोन्ही मागण्या रास्त होत्या. अर्जाचा पाठपुरावा आम्ही केला, रजेबाबतचं तिचं म्हणणं लेखी पुढे पाठवलं. गुन्हेगारासोबत काम करणारा माणूस पीडिताच्या दारात जाऊ शकत नसेल तर त्याचं काम अर्धंच राहतं, असं मी नव्या मुलांना सांगते.

पगाराचंही बोलायला हवं. संस्थांतला पगार माफक, प्रकल्पाचा निधी संपला की टांगती तलवार. सरकारी परिविक्षा अधिकाऱ्याची नोकरी स्थिर, पण एका माणसावर प्रकरणांचा ढीग. कारागृह शिपायाचं काम सर्वांत अवघड. पाळीचा सगळा वेळ तोही भिंतींच्या आत असतो. रात्री पाळीवर असताना बराकीत रडणाऱ्या पोराला पाणी देऊन सकाळी मला "त्याच्याशी जरा बोला" असं सांगणारे हवालदार मी पाहिले आहेत, आणि त्या सांगण्यामुळे काही जीव वाचले, असं मी खात्रीने म्हणू शकते. या कामाला धाडसी माणसं लागतात असा समज आहे. मला तर चिवट माणसं हवीत: पाच फोन लागले नाहीत तरी सहावा करणारी, न्यायालयाच्या बाकावर दिवसभर बसू शकणारी, आणि समोरच्याचा गुन्हा ऐकून त्याच्या मुलांची नावं विचारायला न विसरणारी.

अशा चिवट माणसांची गरज कायद्यातही दिसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्याचा आरोप नसेल आणि माणूस याआधी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर तो सुटकेला पात्र ठरतो. दुसरे खटले प्रलंबित असतील तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. चोरीच्या साध्या गुन्ह्यात ही मुदत एका वर्षाची. पण ती कधी भरते, याचा हिशेब ठेवणारं कुणी हवं. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात स्टॅम्प व्हेंडर असतो, टायपिस्ट असतो, झेरॉक्सवाला असतो. तिथे एक समाजकार्यकर्ताही हवा, सरकारी पगारावर, स्वतःच्या टेबलखुर्चीसह. जामीनदार न मिळालेल्यांची यादी त्याने रोज सकाळी न्यायालयापुढे ठेवावी आणि संध्याकाळी तुरुंगाच्या गेटवर जावं. आमच्या जिल्ह्यापुरता असा प्रस्ताव आम्ही लिहून दिला आहे, आणि त्यासाठी तयार झालेल्या तीन मुली आज आमच्याकडे काम शिकत आहेत.