बिऱ्हाड

'बिऱ्हाड' हा शब्द हल्ली वर्गात समजावून सांगावा लागतो. कानडी 'बिडार'शी त्याचे नाते सांगितले जाते. बिऱ्हाड म्हणजे दुसऱ्याच्या घरात मांडलेला आपला संसार: चूल, अंथरुणे, भिंतीवरची दिनदर्शिका आणि मालकिणीशी पाण्यावरून होणारी कुरबुरसुद्धा. बिऱ्हाड थाटतात, हलवतात. विंचवाचे तर पाठीवरच असते. 'रूम'ला यांतले एकही क्रियापद लागू पडत नाही. ती केवळ 'बुक' होते.

हा फरक पाहायचा असेल तर राहाता तालुक्यातील शिर्डीच्या गल्ल्यांतून हिंडावे. यात्रेकरूंनी उतरावे कोठे, हा तेथला जुनाच प्रश्न. साईबाबांच्या हयातीतच साठेवाडा आणि दीक्षितवाडा उभे राहिले. नागपूरच्या बुट्टींनी बांधलेला वाडा तर १९१८ मध्ये समाधिमंदिरच झाला. पुढे संस्थानाची भक्तनिवासे झाली, हॉटेले झाली; २०१७ मध्ये विमानतळही सुरू झाला. आता राहती घरेही रात्रीच्या हिशेबाने दिली जातात. मोबाइलवर पैसे भरावेत, दुपारी यावे, पहाटेची काकड आरती करून निघावे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली आहे. आजच्या अतिथीची येण्याची तिथीच काय, जाण्याची घटकाही आधीच नोंदलेली असते.

घरमालकाला दोष देणे मला जमत नाही. पावसावर विसंबलेल्या घरात रामनवमी-गुरुपौर्णिमेच्या गर्दीत दोन खोल्यांचे पैसे येतात, त्यांतून मुलीचे शुल्क भरले जाते. हा हिशेब खोटा नाही. मात्र याच यात्रेकरूंची अंथरुणे बदलणारी, त्यांना जेवण वाढणारी, रुग्णालयात त्यांची शुश्रूषा करणारी माणसे राहणार कोठे? बिऱ्हाडकरूकडे किल्ली ठेवता येत असे, विरजण मागता येत असे, रात्री-अपरात्री त्याचे दार वाजवता येत असे. पाहुण्याचे नाव शेजारणीला कळेपर्यंत तो पुढच्या गावी पोहोचलेला असतो.

शिर्डीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने तेथे खोली शोधली होती. एक मालकीणबाई तिला म्हणाल्या, "खोली आहे गं, पण महिन्याने देत नाही, दिवसाने देते." ती आता राहात्याहून ये-जा करते.