वरून वाळले, आत ओले



मी मोताळ्याला आठवीत होतो तेव्हा कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला मातीकाम होते. गावातले एक म्हातारे कुंभारबाबा शिकवायला येत. मला मनातून हसू येई. आपण शेतकऱ्याची पोरे, आपल्याला माती कोणी काय शिकवायची?

बाबा तळ्याचा गाळ आणून भिजवत, खडे वेचत, राख आणि लीद घालून पायांनी तुडवत. मग मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळत. वळीला भेग पडली नाही, तर माती तयार. मी एक गाडगे घडवले. इतरांची सावलीत आठ-आठ दिवस वाळत होती. मी घाईने माझे उन्हात ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी वाळले म्हणून आव्यात दिले. ते फुटले. शेजारची दोन गाडगीही त्याने फोडली. आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली होती. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरा, ते वरून वाळलं होतं, आत ओलंच होतं. पान्याले टाइम द्या लागते."

पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. झालो. आपल्या काळ्या मातीचा चिकण कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान असतो, पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो, हे पाठ केले. परीक्षेत लिहिलेही. पण बाबांचे बोल विसरलो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका काकांच्या वावरात सोयाबीनचे प्रात्यक्षिक होते. चांगला पाऊस झाला, मग दोन दिवस ऊन पडले. वरची माती पांढुरकी दिसू लागली. काका म्हणाले, "साहेब, अजून वाफसा नाही." मला तारीख गाठायची होती. मी पेरणी करायला लावली. फणाने ओली माती लिंपल्यासारखी झाली, तिच्यातल्या पोकळ्या बुजल्या आणि उन्हाने वर पापडी धरली. बी हवेवाचून कुजले. जे उगवले, त्याला पापडी फोडता येईना. काका म्हणाले, "साहेब, तुमी माह्या वावरात विटा पाडल्या."

दुबार पेरणीचे बियाणे मी माझ्या पगारातून दिले. पण गेलेले दिवस कुठून देणार? त्या रात्री मला ते फुटके गाडगे आठवले. चूक तीच होती. फक्त या वेळी नुकसान दुसऱ्याच्या संसाराचे झाले होते.

म्हणून सांगतो, वरचा रंग पाहून पेरू नका. चार बोटे खालची मूठभर माती घ्या. दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू पडून चपटा झाला, तर थांबा. फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला. मातीच्या पोकळ्यांत तेव्हा पाणीही असते आणि हवाही. बियाला दोन्ही लागतात. ट्रॅक्टर तिफणीहून जड असतो. ओल्या रानात तो माती अधिकच दाबतो. म्हणून ट्रॅक्टरने पेरणाऱ्यांनी तर हे आधी पाहावे.

कुंभाराची माती वळली पाहिजे, शेतकऱ्याची फुटली पाहिजे. पारखायची मात्र दोघांनीही हातानेच. आणि घरातले जाणते माणूस "अजून वाफसा नाही" म्हणाले, तर माझ्यासारख्या साहेबाचेही ऐकू नका.