समाधानकारक खुलासा

शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य पण संभवनीय वाटणारी घटना कवीने पत्करावी, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. प्रपंचात त्याचा प्रत्यय आला तो 2017 साली, थोरल्या बहिणीच्या बँकखात्यामुळे.

8 नोव्हेंबर 2016 रोजी नोटाबंदी जाहीर झाल्यावर आक्काने डब्यातले 3 लाख 40 हजार रुपये बँकेत भरले. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी करू नये, सत्तरीपुढच्यांना ही मर्यादा पाच लाख धरावी, अशी सूचना होती. आक्का 68 वर्षांची. विचारणा आली. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 69 अ नुसार, पैशाच्या उगमाचा खुलासा अधिकाऱ्याच्या मते समाधानकारक नसेल, तर ती रक्कम उत्पन्न मानता येत असे. 'अधिकाऱ्याच्या मते' हे शब्द वाचून मी ओशाळलो. माझी सारी समीक्षा याच दोन शब्दांवर उभी होती.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली एका महिलेचा शर्यतीतील कमाईचा दावा अमान्य केला होता. तिच्याजवळ शर्यतीच्या क्लबांची प्रमाणपत्रे होती. पण मद्रास, बंगलोर आणि हैदराबाद अशा तिन्ही ठिकाणी, तीनचार हंगामांत, इतके जॅकपॉट लागणे मानवी संभाव्यतेत बसेना. त्याआधी तडजोड आयोगाच्या अध्यक्षांना मात्र तिचे म्हणणे पटले होते, बहुमताला पटले नव्हते. संहिता एक, वाचक दोन.

आक्काचा खुलासा मी लिहिला. उत्तर संगणकावरूनच पाठवायचे होते. तिचा चेहरा कोणी पाहणार नव्हते. घरखर्चातली शिल्लक, भाऊबिजेच्या ओवाळण्या, यजमानांची स्कूटर विकल्याचे पैसे, सारे मी वर्षवार लावले. बेरीज रुपयापर्यंत जुळली आणि तिथेच माझा त्यावरचा विश्वास उडाला. आक्काच्या सांगण्यात असली वर्षे नव्हतीच. मध्येच डबा रिता झाला होता. जावेला दिलेले पैसे परत आले नव्हते. एक रक्कम कुठली, ते तिला आठवतच नव्हते. हे सारे मी गाळले होते.

"आक्का, हे खरं ना सगळं?" मी विचारून बसलो.

ती तांदूळ निवडत होती. "पन्नास वर्षं ओवाळणी घालतोस," ती म्हणाली, "आणि आज विचारतोस?"

मी कागद फाडला. दुसऱ्या खर्ड्यात जाऊ आली, रिता डबा आला, आणि न आठवणारी रक्कमही न आठवणारी म्हणूनच आली.