एका बांबूची उधारी

मी ज्यांचा देणेकरी आहे, त्या आजींना हे देणं कधी मान्यच झालं नाही. त्यांच्या हिशेबी मी एक बांबू घेतला होता आणि त्याचे पैसे चुकते केले होते. विषय संपला.

तेव्हा मी शाळेत कार्यानुभव शिकवत होतो. मुलांची सहल क्वीन्स गार्डन भागातल्या आदिवासी संग्रहालयात नेली होती. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं हे संग्रहालय. संस्था १९६२ सालची, पण अर्धं पुणे तिच्यावरून नुसतं जातं, आत शिरत नाही. तिथल्या भिल्लांच्या धनुष्यापुढे सहावीतली एक मुलगी अडून बसली. "सर, याची दोरी कुठंय?" मी बोटाने दाखवली. "ही तर काडी आहे!" तिचं बरोबर होतं. धनुष्य बांबूचं, आणि जिथे दोरी असायची तिथेही बांबूचीच एक सपाट, अरुंद कांब. तिच्या दोन्ही टोकांना सुताचे फास होते आणि ते धनुष्याच्या खाचांत अडकवलेले होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही भिल्लांच्या कामठ्याचं असंच वर्णन करून ठेवलं आहे. पण मुलांना वर्णन नको होतं, त्यांना ते ओढून बघायचं होतं, आणि मध्ये काच होती. हुबेहूब असंच एक करू या, असं मी तिथल्या तिथे बोलून बसलो.

पुढच्या खेपेला वही आणि पट्टी घेऊन एकटाच गेलो. काचेबाहेरून लांबी मोजता येते, जाडी येत नाही. तिथल्या एका कर्मचाऱ्याने, मी काही न मागता, बॅटरी आणून बाजूने तिरपा उजेड धरला. त्या उजेडात बांबूची पेरं, गाठींवरची तासणी, मुठीच्या जागी राखलेली जाडी, टोकांकडे निमुळतं होत गेलेलं अंग, सगळं उठून आलं. त्यांचा हात भरून आला असणार, पण माझं रेखाटन संपेपर्यंत तो खाली आला नाही. हे माझं पहिलं देणं, आणि ज्यांचं देणं त्यांचं नावही मी विचारलं नाही. धनुष्याखालच्या चिठ्ठीवरही जमात होती, करणाऱ्याचं नाव नव्हतं. संग्रहालयांत असंच असतं. तलवारीला मालक असतो, कामठ्याला जमात.

बांबूसाठी मंडईजवळची बुरूड आळी गाठली. तिथे सकाळच्या वेळी एकटा माणूस जाऊन बांबू मागू लागला, की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. आजींनी कोयता बाजूला ठेवला, मला बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "किती वाजता न्यायचंय?" मला उमगायला जरा वेळ लागला. म्हटलं, तसं काही नाही हो, मला एकच हवाय.

"हां. एकाची तिरडी होत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात आल्या. धनुष्य म्हटल्यावर आधी हसल्या. "गॅदरिंगला ना? कामटी वाकवून देते, सोनेरी कागद लावा." नाही, खरा बाण सुटायला हवा, असं सांगितल्यावर मात्र काही न बोलता उठल्या आणि मागे गेल्या.

मागे उभ्या करून ठेवलेल्या बांबूंवर त्या अंगठ्याचं नख वाजवत फिरल्या. सुपाचा बांबू निराळा, शिडीचा निराळा, आकाशकंदिलाच्या कामट्यांचा निराळा, हे कार्यानुभवाच्या मास्तरला ठाऊक असतं. तो निराळा कशामुळे, हे त्या बोलता बोलता सांगत गेल्या. कोवळा बांबू वाकतो तो वाकलेलाच राहतो. तीन वर्षांचा झालेला वाकतो आणि परत येतो. पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लागतो, म्हणून थंडीत तोडलेला घ्यायचा, आणि तोही वद्य पक्षातला. पक्षाबद्दल मी पैज लावणार नाही. थंडीचं मात्र खरं आहे. त्या दिवसांत बांबूतलं पिष्ट कमी होतं आणि भुंग्याला खायला फारसं उरत नाही. शेवटी त्यांनी एक मानवेल ओढून काढला, जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव. टोकाशी कोयता टेकवून वर ठोका दिला आणि बांबू शेवटपर्यंत सरळ उकलत गेला.

"मास्तर, पाठीला हात लावायचा न्हाई. काय खायचं ते पोटातनं खायचं."

माझं पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं. बांबूचे चिवट धागे सालीकडे दाट असतात, आत विरळ होत जातात. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. ताण घेणारी साल अखंड राहिली पाहिजे. तिथे ओरखडा जरी उठला तरी एखाद्या दिवशी तिथूनच चीर सुरू होते. इंग्लंडजवळ १५४५ साली बुडालेलं 'मेरी रोझ' हे जहाज १९८२ साली वर काढलं. त्याच्या अवशेषांत यू लाकडाची शंभराहून अधिक धनुष्यं मिळाली. त्यांतही बाहेरच्या अंगाला ताण सोसणारं पांढरं लाकूड राखलेलं, आतल्या अंगाला दाब सोसणारा गाभा. हे मी नंतर वाचलं. आधी ऐकलं ते बुरूड आळीत.

वाकस, पटाशी, कानस आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा, एवढ्यावर काम झालं. रंधा वापरला नाही, तो गाठीपाशी धागा उचलतो. थोडं खरवडायचं, वाकवून बघायचं, पुन्हा खरवडायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का हे बघायला मी भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या, विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला तानकाटाही लावला होता. आजींकडे नेलं की त्या ते गुडघ्यावर टेकवून एकदा दाबत, "डावीकडं ताठ हाय" म्हणत आणि सूप पुढे विणू लागत. माझ्या रेघा तेच सांगत, पण बऱ्याच उशिरा.

दोरीची कांब त्यांनी स्वतः काढली. पायाच्या अंगठ्यात एक टोक धरलं, कोयता जागच्या जागी स्थिर ठेवला आणि बांबूच पुढे सरकवत राहिल्या. साल कागदासारखी सुटत आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका जाडीची. कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराचं प्रकरण लिहिताना ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार प्रकारची धनुष्यं सांगितली आहेत. दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्या पंगतीला वेळूही बसवला आहे. यादीतला तो वेळू मला त्या दुपारी पायाच्या अंगठ्यात धरलेला दिसला. स्नायूची दोरी पावसात सैल पडते. सालीच्या कांबेला त्याचं फारसं काही वाटत नाही.

आता ते ओढणारा कोणी हवा होता. माझा एक जुना विद्यार्थी वसतिगृहातल्या मित्राला घेऊन आला. मुलगा धडगावकडचा, इथे इंजिनिअरिंग शिकणारा. त्याने कामठा उलटसुलट करून पाहिला, एका बाजूचा फास सोडून आपल्या पद्धतीने पुन्हा बांधला आणि दोन बोटांनी कांब ओढली. अंगठा बाजूला. "आमच्यात अंगठा लावत नाहीत," एवढंच म्हणाला. एकलव्याचं नाव त्याने घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मोगल आणि तुर्क तिरंदाज अंगठ्यात कडं घालून दोरी ओढत. आज ऑलिंपिकमध्ये सत्तर मीटरवर नेम धरणारे सगळे मात्र बोटांनीच ओढतात. आपल्या साताऱ्यात शिकलेली अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, तिच्या कंपाउंड धनुष्याची दोरी हातातल्या कळीने सोडतात, तो प्रकार निराळा.

"हलका आहे," त्याने निकाल दिला. "आमच्याकडे पोरांना देतात तसा. पण सरळ मारेल." मग विचारलं, "कांब काढणाऱ्या आजी भिल्ल आहेत का?" नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ त्या कांबेकडेच बघत राहिला. हे मी आजींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचा बांबू न माझा बांबू येकच की."

वर्गात मी कामठा दाखवताना इतिहासही सांगत असे. खानदेशातल्या भिल्लांना आवरायला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली भिल्ल पलटण उभी केली. सत्तावनच्या उठावात खाज्या नाईक, भीमा नाईक हे भिल्ल पुढारी उभे राहिले आणि १८५८ साली अंबापाणीला लढाई झाली. १८७८च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत बंदूक, तलवार, तोफ यांच्या बरोबरीने धनुष्यबाणही घातले. तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, मग आपल्याला परवाना लागेल?"

पैशांचं सांगायचं राहिलं. आजींनी शिडीच्या दांडीचा भाव लावला. कांब काढल्याचे वेगळे देऊ केले तर म्हणाल्या, "उरल्यासुरल्याचे कसले पैसे?" पुरा झालेला कामठा त्यांना दाखवायला नेला, तेव्हा तो एकदा गुडघ्यावर दाबला, मान हलवली आणि विचारलं, "दुसरी फाक कुठंय? टाकली न्हाई ना?" टाकली नव्हती. ती मी आणून दिली.

आजी आता नाहीत. मुलं बाण न लावता नुसतीच कांब ओढून सोडतात, कितीही सांगा, आणि मग ती चिरते, नवी लागते. आता दुकान आजींची सून बघते. कांब तीच काढून देते, तशीच, पायाच्या अंगठ्यात धरून, आणि तिचे रीतसर पैसे घेते. मागच्या खेपेला म्हणाली, "सर, एकदम डझनभर न्या की. सारखं कशाला येता?"

मी दोनच घेतल्या.